बाहुल्यांचं बातमीपत्र : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात राजकारण्यांच्या रबरी बाहुल्या घेऊन चालणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची ओळख करून दिली होती : ब्रिटनचा ‘स्पिटिंग इमेज’ (१९८४ ते १९९६), फ्रान्सचा ‘ले गिन्योल द लँफो’ (१९८८ ते २०१८) आणि रशियाचा ‘कुक्ली’ (१९९४ ते २००२). त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बाहुली बनवण्याबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा झाली, म्हणून त्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : हुबेहूब नक्कल करणारे नट असताना बाहुली कशाला? आणि बहुतेक ठिकाणी बातमीपत्राचाच साज का?

नट कितीही तयारीचा असला, तरी प्रेक्षकाला आधी नट दिसतो आणि मग नेता. बाहुलीत तो मधला माणूस नाहीसा होतो. दुसरं म्हणजे, नटाच्या चेहऱ्याला मर्यादा आहेत. ‘स्पिटिंग इमेज’मध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांची बाहुली डोक्यापासून पायापर्यंत राखाडी होती, कातडीसुद्धा राखाडी. हा माणूस बेरंग आहे, हे एका शब्दाशिवाय सांगून झालं. नटाला तोच रंग फासला असता तर रंग फासलेला नट दिसला असता. मार्गारेट थॅचर यांच्या बाहुलीला पुरुषी सूट आणि हातात सिगार दिला होता, तोही असाच एका फटक्यात बसणारा निर्णय.

बातमीपत्राचं कारण निम्मं तांत्रिक आहे. बाहुली चालवणारे कुठेतरी लपायला हवेत, आणि निवेदकाचं मेज त्यासाठी अगदी सोयीचं. मेजाच्या वर बाहुली, खाली माणसं. बाकी निम्मं कारण लेखनाचं. आपल्याकडे बतावणीत सोंगाड्याला कुणीतरी सरळ प्रश्न विचारणारा लागतो. तो जितका गंभीर, तितकं सोंगाड्याचं उत्तर उठून दिसतं. निवेदकाची बाहुली तेच काम करते. फ्रेंच कार्यक्रमात ही बाहुली पॅट्रिक प्वाव्र दार्व्हॉर यांची होती. ते प्रतिस्पर्धी वाहिनीचे खरेखुरे निवेदक, आणि त्यांचं खरं बातमीपत्र रात्री आठला असायचं. बाहुल्या त्याच्या थोड्या आधी यायच्या. म्हणजे प्रेक्षक दोन्ही लागोपाठ पाहू शकत होता. वेळेची ही निवड आम्हाला त्या कार्यक्रमातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

प्रश्न (नाशिक) : महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी अशी एक बाहुली करायची आहे. डोकं कसं बनवतात? घरगुती साधनांत जमेल का?

जमेल. फक्त व्यावसायिक पद्धत आणि तुम्हाला झेपेल ती पद्धत यांत फरक आहे. आधी व्यावसायिक पद्धत सांगतो, म्हणजे आपण काय टाळतो आहोत ते कळेल.

‘स्पिटिंग इमेज’चे पीटर फ्लक आणि रॉजर लॉ हे मूळचे व्यंगचित्रकार. मातीचे व्यंगपुतळे करून त्यांची छायाचित्रं ते नियतकालिकांना द्यायचे. त्याच पुतळ्यांचे साचे काढून फोम लॅटेक्सची, म्हणजे स्पंजासारख्या फुगलेल्या रबराची, डोकी ओतायला लागल्यावर ती हलू-बोलू लागली. फोम लॅटेक्समध्ये चार घटक असतात : रबराचा चीक, फेस आणणारं द्रावण, रबर पक्कं करणारा गंधकयुक्त पक्वक आणि गोठवणारं द्रावण. साधारण प्रमाण १५० ग्रॅम चिकाला ३० ग्रॅम फेसक, १५ ग्रॅम पक्वक आणि सर्वांत शेवटी सुमारे १४ ग्रॅम गोठवक. केकच्या मिश्रणासारखं यंत्रावर फेटून त्याचा फेस चार-पाचपट करायचा, मग गती कमी करून मोठे बुडबुडे मोडायचे, गोठवक घालून लगेच साच्यात ओतायचं आणि सुमारे ८५ अंश सेल्सिअसला तीन-चार तास भाजायचं. उष्ण हवेत गोठवक वेळेआधीच काम करतो आणि मिश्रण भांड्यातच दही होतं. कमी भाजलं तर डोकं चिकट राहून फाटतं, जास्त भाजलं तर चुरतं. शिवाय त्या भट्टीत पुन्हा कधीही अन्न शिजवता येत नाही. पहिल्या प्रयत्नाला हा मार्ग घेऊ नका.

तुमच्यासाठी पोकळ लॅटेक्सची पद्धत योग्य. नेत्याची समोरून, डावीकडून आणि उजवीकडून अशी तीन छायाचित्रं आणि बोलतानाचं पाच मिनिटांचं चलचित्र जमवा. चेहऱ्यातल्या दोनच गोष्टी वाढवायच्या. नाक, कान, हनुवटी आणि कपाळ असं सगळंच वाढवलं की माणूस ओळखू येत नाही, नुसता राक्षस दिसतो. न सुकणारी तेलमाती साधारण चार-पाच किलो लागेल. आत उलटं मडकं किंवा कागदाचा घट्ट गोळा ठेवला तर माती वाचते. शाडू वापरू नका असं नाही, पण तो सुकताना तडकतो. रोज ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा लागेल. तोंडाची रुंदी निदान अकरा-बारा सेंटिमीटर ठेवा, कारण वरच्या जबड्यात तुमची चार बोटं मावायची आहेत. मानेचं भोकही मूठ सहज आत जाईल एवढं हवं. चेहरा मूळ कल्पनेपेक्षा किंचित मोठाच घडवा, लॅटेक्स सुकताना आकसतं.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, दोन भागांचा. कानांच्या मागून टाळूवरून जाणारी रेघ आखून तिथे मातीची भिंत उभी करा. दहा भाग प्लास्टरला सात भाग पाणी, वजनाने. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं. प्लास्टरवर पाणी ओतलं तर गुठळ्या होतात. एक-दोन मिनिटं भिजू द्या, मग बुडबुडे न येतील असं हळू ढवळा. पहिला थर कुंचल्याने पातळ लावा, नाकाच्या आणि पापण्यांच्या घड्यांत नीट पोहोचेल असा. नंतर काथ्या किंवा गोणपाटाचे तुकडे घालून तीन सेंटिमीटर जाडी करा. पहिला भाग घट्ट झाला की भिंत काढा आणि कडेवर चार खळगे कोरा, म्हणजे दुसरा भाग नेमका बसेल. त्या कडेला साबणाचा दाट थर देऊन मग दुसरा भाग ओता.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. चेहरा सुटावा म्हणून अनेक जण साच्याच्या आतल्या बाजूला तेल किंवा व्हॅसलीन लावतात. लावायचं नाही. कोरडं प्लास्टर चिकातलं पाणी शोषून घेतं आणि त्यामुळेच भिंतीवर रबराचा थर जमतो. तेलाने छिद्रं बुजली की थर जमत नाही आणि सगळा चीक जसाच्या तसा परत बाहेर येतो. तेलमातीचा राहिलेला अंशसुद्धा भांड्याच्या साबणाने धुऊन काढा. नंतर साचा पूर्ण सुकू द्या. नाशिकच्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत सुकेल, कोकणात जुलैत दोन आठवडेही लागतील. हात लावून गार लागतो तोवर तो ओलाच आहे असं समजा.

दोन्ही भाग पट्ट्यांनी आवळून साचा उलटा ठेवा आणि मानेच्या भोकातून साठ टक्क्यांचा लॅटेक्स चीक काठोकाठ भरा. त्याला अमोनियाचा उग्र वास असतो, खिडक्या उघड्या ठेवा. पातळी खाली जाईल, तसा वरून भरत राहा. वीस ते तीस मिनिटांत दोन-तीन मिलिमीटर थर बसतो. उरलेला चीक डब्यात ओतून घ्या, साचा दोन काठ्यांवर पालथा घालून रात्रभर निथळू द्या. काढण्याआधी आत टाल्कम पावडर भरपूर भुरभुरा आणि सोलताना सोडवलेल्या प्रत्येक भागावर टाकत राहा. ताजं लॅटेक्स स्वतःलाच चिकटतं. गाल गालाला चिकटला तर तो सोडवताना फाटतोच.

गालांत आणि कपाळात गादीचा फोम कापून बसवा, नाहीतर चेहरा पिचतो. तोंडात तीन मिलिमीटर प्लायवुडच्या दोन अर्धगोल फळ्या घ्या, मागे कापडी बिजागरी, बोटांसाठी इलॅस्टिकचे फास. रंग लॅटेक्समध्येच मिसळून पातळ थरांत लावा. नुसता ॲक्रिलिक रंग पहिल्या हसण्यातच तडकतो आणि तैलरंग रबर नासवतो. डोळ्यांना प्लॅस्टिकचे अर्धगोल चालतील. बुबुळं दोन्ही समोर रंगवू नका. नाकाकडे अगदी थोडी वळवा. सरळ बुबुळांची बाहुली कोणाकडेच पाहत नाही असं वाटतं, आणि मग कितीही चांगला संवाद दिला तरी ती निर्जीव दिसते.

प्रश्न (ठाणे) : आमच्या गटाने बाहुल्या केल्या, पण बोलताना तोंड आणि आवाज जुळत नाहीत. काय चुकत असेल?

बहुधा तुम्ही थेट बोलत बाहुली चालवता. ‘स्पिटिंग इमेज’सारख्या कार्यक्रमांत नक्कलकारांचा आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात, मग तो चित्रीकरणाच्या जागी वाजवतात आणि बाहुलीवाले त्यावर तोंड हलवतात. नक्कल करणारा आणि चालवणारा ही दोन वेगळी माणसं, दोन वेगळी कौशल्यं. चालवणाऱ्याला संवाद तोंडपाठच हवा. कागद बघत बघत तोंड हलवलं की ते अर्धा क्षण मागेच राहतं.

दुसरी चूक अंगठ्याची. तोंड उघडताना अंगठा खाली गेला पाहिजे, चार बोटं जागेवर. नवशिके बोटं वर उचलतात, त्यामुळे प्रत्येक अक्षराला बाहुलीचं टाळकं मागे फेकलं जातं आणि नजर छताला लागते. मनगट किंचित पुढे झुकवून नजर कॅमेऱ्यावर ठेवा आणि फक्त अंगठ्याचा सराव दहा मिनिटं करा.

तिसरी गोष्ट ओठांची. प्रत्येक अक्षराला तोंड उघडायचं नाही, ते फडफडतं. स्वरावर उघडायचं आणि प, फ, ब, भ, म या पाच अक्षरांवर न चुकता मिटायचं. ‘माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो’ हे वाक्य घ्या. ‘मा’च्या आधी मिटलेलं, ‘बं’ला मिटलेलं, ‘भ’ला मिटलेलं. मधे ‘झ्या’ला थोडं, ‘आ’ला पूर्ण उघडं. ही तीन मिटणी अचूक पडली, तर बाकी ढिलं असलं तरी प्रेक्षकाच्या कानाला आणि डोळ्याला खटकत नाही. एखादं जरी चुकलं, तरी लगेच कळतं.

एका बाहुलीला दोन माणसं धरा : एक डोकं आणि एक हात, दुसरा डोळ्यांची तार आणि दुसरा हात. दोघांनी एकत्र श्वास घेण्याइतका सराव लागतो. खाली मॉनिटर ठेवून त्यात कॅमेऱ्याचं चित्र पाहत काम करा. ते आरशासारखं उलटं नसतं, त्यामुळे पहिले काही दिवस बाहुली चुकीच्या बाजूला वळेल. हात वर धरून माणूस थकतो आणि थकल्यावर बाहुली हळूहळू मेजात बुडू लागते. म्हणून एका मिनिटाहून लांब तुकडा एका दमात चित्रित करू नका.

प्रश्न (पुणे) : पुतिन यांच्या बाहुलीमुळे रशियातली एक वाहिनीच गेली, असं ऐकलं. खरं काय?

एका बाहुलीमुळे वाहिनी गेली असं म्हणणं सोपं करून सांगणं होईल, पण बाहुलीचा वाटा होता.

‘कुक्ली’ म्हणजे रशियन भाषेत बाहुल्याच. एनटीव्ही या खासगी वाहिनीवर व्हिक्टर शेंडेरोविच तो लिहीत. १९९५ मध्ये येल्त्सिन आणि त्यांच्या निकटवर्तीयांना दरिद्री भणंग म्हणून दाखवल्यावर महाअभियोक्त्यांच्या कार्यालयाने फौजदारी प्रकरण उघडलं. काही महिन्यांत ते गुंडाळावं लागलं आणि कार्यक्रम आणखी लोकप्रिय झाला. २००० च्या सुरुवातीला पुतिन यांना एका जर्मन परीकथेतला कुरूप बुटका म्हणून दाखवलं. त्या कथेत बुटक्यावर जादू केलेली असते आणि सगळ्यांना तो देखणा भासतो. हा वार वर्मी लागला. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातल्या काही मान्यवरांनी कारवाईची मागणी करणारं जाहीर पत्र काढलं.

शेंडेरोविच यांनी नंतर सांगितल्यानुसार, वाहिनीपुढे ठेवलेल्या अटींत चेचन्यातल्या युद्धाचं वार्तांकन बदलणं होतं आणि पुतिन यांची बाहुली काढणंही होतं. त्यावर त्यांनी जे लिहिलं ते या कलेच्या प्रत्येक अभ्यासकाने पाहावं. बाहुली खरंच काढली. तिच्या जागी पर्वतावरचा ढग आणि जळतं झुडूप दाखवलं, आणि खाली अधिकारी थरथरत दहा आज्ञा उतरवून घेत आहेत. ज्याचं चित्र काढायचं नाही असा एकच असतो, तो म्हणजे देव. बंदीचं पालन करूनच त्यांनी बंदीचा अर्थ दाखवून दिला.

मे २००० मध्ये वाहिनीच्या मालक कंपनीवर छापे पडले, जूनमध्ये मालक व्लादिमीर गुसिन्स्की यांना अटक झाली आणि एप्रिल २००१ मध्ये सरकारी वर्चस्वाखालच्या गॅझप्रॉम या वायू कंपनीने वाहिनीचा ताबा घेतला. हत्यार कर्जवसुलीचं होतं. ‘कुक्ली’ २००२ मध्ये संपला. फ्रान्समध्येही शेवट मालकीतूनच आला : २०१५ मध्ये उद्योगपती व्हँसाँ बोलोरे यांच्याकडे वाहिनीची सूत्रं गेली, प्रमुख लेखक बाहेर पडले, कार्यक्रम आधी पैसे भरणाऱ्या ग्राहकांपुरता झाला आणि २०१८ मध्ये बंद पडला.

प्रश्न (रत्नागिरी) : बाहुलीमुळे नेत्याचं खरंच नुकसान होतं का?

दोन्ही घडलेलं आहे. ब्रिटनमध्ये डेव्हिड स्टील यांची चिमुकली बाहुली डेव्हिड ओवेन यांच्या कोटाच्या खिशातून डोकावायची. दोघे मित्रपक्षांचे बरोबरीचे नेते होते, पण लोकांच्या मनात स्टील खिशातलेच राहिले. त्याने आपल्या प्रतिमेचं नुकसान झालं, असं त्यांनी स्वतः म्हटलं आहे.

फ्रान्समध्ये उलट झालं. जाक शिराक यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सफरचंदाचं झाड होतं. त्यावरून त्यांची बाहुली १९९५ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ‘सफरचंदं खा’ असं सांगत फिरायची आणि पाठीत स्वकीयांनी खुपसलेले सुरे असायचे. प्रेक्षकांना त्या बाहुलीची माया वाटू लागली, आणि शिराक निवडून आले. बाहुलीमुळेच आले का, यावर फ्रान्समध्ये बराच वाद झाला. लेखकांना मात्र धडा मिळाला असावा. २००२ च्या निवडणुकीआधी त्यांनी त्याच शिराक यांना ‘महाखोटारडा’ नावाचा झगेवाला महानायक केलं. तरीही शिराक जिंकले. लिहिणाऱ्याने यातून एवढं घ्यावं : ज्या पात्राला तुम्ही सोसायला लावता, त्याच्यावर लोक प्रेम करतात. टीका करायची असेल तर पात्राला काहीतरी करताना दाखवा, मार खाताना नव्हे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आपल्याकडे असं करताना कायदा कुठे आड येतो?

हिंदीत एनडीटीव्ही इंडियावर ‘गुस्ताखी माफ’ हा बाहुल्यांचा कार्यक्रम चालत होता, म्हणजे मुळात बंदी नाही. अडचण येते ती बदनामीच्या तरतुदीची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. त्याच कलमाच्या अपवादांत लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेलं मत येतं. म्हणून प्रत्येक विनोद नोंदवलेल्या भाषणाला, मतदानाला किंवा निर्णयाला बांधा आणि कार्यक्रमाच्या संहितेच्या समासात त्याची तारीख लिहून ठेवा. लाच, व्यभिचार किंवा आजार यांविषयी मनाने रचलेली गोष्ट घालू नका. घरच्यांना, विशेषतः मुलांना, बाहुली करू नका.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका बंगाली उपहासपटाची बाजू घेताना, प्रदर्शन अडवल्याबद्दल पश्चिम बंगाल सरकारला वीस लाख रुपये भरपाई द्यायला लावली, हेही लक्षात असू द्या. महाराष्ट्रात रंगमंचावर जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. त्यासाठी हाताशी वेळ ठेवा. ऐनवेळी घातलेल्या ताज्या विनोदांचा प्रश्न इथेच निर्माण होतो, तेव्हा बदलत्या बातमीची जागा कोणती, ते संहितेतच दाखवून विचारणा करा.

प्रश्न (कुडाळ) : आमच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांतून हे होईल का?

ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुलीचं बळ चालीत, नाचात, युद्धात आहे. तिचे ओठ हलत नाहीत आणि चेहरा लाकडी, त्यामुळे जवळून टिपलेल्या मुलाखतीत ती अडते. मोर्चा, शपथविधी, पक्षांतर अशी हालचालीची दृश्यं तिला द्या, बोलणं सूत्रधाराकडे ठेवा. तिथे ती रबरी बाहुलीला मागे टाकेल.

प्रश्न (नैरोबी) : इथल्या ‘एक्सवायझेड शो’ या बाहुल्यांच्या कार्यक्रमाचा फ्रेंच कार्यक्रमाशी संबंध आहे का?

आहे. व्यंगचित्रकार गाडो यांनी २००९ मध्ये तो सुरू केला. फ्रेंच बाहुल्यांवरून कल्पना घेतली आणि लॅटेक्सचं तंत्रही तिथून शिकून आणलं.

प्रश्न (नागपूर) : केलेली बाहुली किती वर्षं टिकते?

नीट ठेवली तर काही वर्षं, वाऱ्यावर सोडली तर एक उन्हाळा. लॅटेक्सचे शत्रू ऊन, उष्णता, तेल आणि तांबं. तांब्याची तार डोळ्यांच्या यंत्रणेत वापरू नका. तिच्या स्पर्शाने रबर काळं पडून कुजतं, त्याऐवजी स्टीलची किंवा नायलॉनची घ्या. प्रयोगानंतर आत टाल्कम पावडर मारा, डोकं फोमच्या ठोकळ्यावर बसवून, सुती कापडात, अंधाऱ्या कपाटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर ओल कोंडते. घडी घालून ठेवलेल्या चेहऱ्यावर घडीच्या रेषेतच भेगा पडतात. साचा मात्र जपून ठेवा. तो शाबूत असेल तर नवं डोकं दोन दिवसांत निघतं. नेत्याचं वजन वाढलं किंवा केस पिकले, तर तेवढा रंग आणि आतला फोम बदलून काम भागतं.